यंत्र आपले, कुलूप कुणाचे?

साधनांच्या मालकीचा प्रश्न आपण जमीन आणि कारखाने यांच्या संदर्भात पुष्कळ चर्चिला आहे. तोच प्रश्न आज लॅपटॉपच्या पोटातील टपाल तिकिटाएवढ्या एका कार्डाच्या रूपाने उभा आहे, आणि त्याकडे चळवळीचे लक्ष जावे तितके गेलेले नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबविला. विंडोज ११ जुन्या प्रोसेसरांना स्वीकारत नाही. धडधाकट यंत्रे अशा रीतीने कागदावर म्हातारी ठरली. धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्याचा २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांत समावेश केला. येथील भूम-परंड्याच्या विद्यार्थ्याच्या हाती पडतो तो बहुधा कुणी तरी वापरून विकलेला लॅपटॉपच. १९९१ पासून जगभरच्या प्रोग्रामरांनी मिळून घडविलेले लिनक्स त्याला नवे आयुष्य देते. उणीव राहते ती बिनतारी जोडणीची. जुने वाय-फाय कार्ड अनेकदा पाच गिगाहर्ट्झचा पट्टा ओळखत नाही, आणि त्याच कार्डावरील ब्लूटूथ नव्या उपकरणांपुढे अडखळते.

उपाय सोपा आहे. तळाचे झाकण उघडावे, अँटेनाच्या दोन बारीक तारा सोडवाव्यात, एक स्क्रू काढून नवे कार्ड बसवावे. त्याचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, बहुधा लिनक्सच्या कर्नलमध्येच असतो. इंटेलच्या एएक्स२१० या कार्डाला कर्नल ५.१० पासून तो मिळतो. खाच मात्र आधी पाहावी. जुन्या यंत्रांत मिनी पीसीआय एक्स्प्रेस असते, नव्यांत एम.२. शिवाय या कार्डांवरील ब्लूटूथ यूएसबीच्या तारांवरून चालते. खाचेत त्या तारा नसतील तर वाय-फाय चालूनही ब्लूटूथ मुके राहते.

माझ्या बारा वर्षांच्या लॅपटॉपमध्ये मी असे कार्ड बसविले. लिनक्स सुरू होण्यापूर्वीच पडद्यावर सूचना आली : हे कार्ड मान्य नाही, काढून टाका. कार्डात दोष नव्हता. निर्मात्याने बायॉसमध्ये मान्य कार्डांची यादी कोंबून ठेवली होती आणि माझे कार्ड त्या यादीत नव्हते.

या यादीचे समर्थन असे केले जाते की, रेडिओ लहरींच्या नियमांनुसार यंत्र आणि कार्ड यांची एकत्र तपासणी झालेली असते. हा युक्तिवाद टिकत नाही. मी त्याच लॅपटॉपला बाहेरून यूएसबीचे छोटे वाय-फाय उपकरण जोडले. तोही रेडिओच, पण त्याला कुणी अडविले नाही. तेव्हा येथे रक्षण होते ते सुट्या भागांवरील मक्तेदारीचे. अर्थशास्त्राच्या भाषेत हा खंड आहे : वस्तू विकून झाल्यावरही मालकीचा एक तुकडा स्वतःकडे ठेवून वसूल केलेला.

लिनक्सने सारे पाश तुटतात, असा भाबडेपणा मात्र नको. बहुतेक आधुनिक कार्डांतील फर्मवेअर अजून कंपन्यांच्याच कुलपात आहे. चालक खुला, पण कार्डाचे पोट बंद. एथेरॉसची काही जुनी कार्डे त्याला अपवाद आहेत, पण ती वेगाने मंद.

डॉ. लोहियांनी छोट्या यंत्राचा आग्रह धरला, कारण ते सामान्य माणसाच्या आवाक्यात राहते. जे यंत्र त्याचा धनी उघडू आणि दुरुस्त करू शकत नाही, ते आकाराने छोटे असूनही मोठ्या यंत्राचेच राज्य चालविते.

केंद्राने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात संकेतस्थळही उघडले. संकेतस्थळाने बायॉसचे कुलूप उघडत नाही. खरी ताकद सार्वजनिक खरेदीत आहे. केरळच्या शाळा गेली अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालत आहेत. मग आपल्या जिल्हा परिषदेने, महाविद्यालयांनी आणि वाचनालयांनी निविदेत तीन अटी का घालू नयेत? कार्डांची यादी नसावी, लिनक्सचा चालक असावा आणि सुटे भाग वेगळे विकत मिळावेत.

कार्यकर्त्यांनी तुळजापूर, कळंब, उमरगा येथे एकेका रविवारी दुरुस्तीचे शिबिर भरवावे. एका मुलीने स्वतःच्या हाताने कार्ड बदलले, तर मालकी म्हणजे काय हे तिला आपल्या दहा भाषणांहून अधिक नीट समजेल.