ध्वनी स्वस्त झाला; श्रवणाचे काय?

पाठीवर सौरपट्टी बसविलेला आणि मोबाइलशी बिनतारी जोडला जाणारा लहानसा स्पीकर ही आता ग्रामीण बाजारपेठेतही अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. शेताच्या बांधावर, गुरांमागे किंवा तुळजापूरच्या पायी वाटेवर विजेच्या तारेवाचून गाणे ऐकण्याची सोय तिने केली आहे. करमणुकीचे साधन म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे. परंतु ग्रामीण महाराष्ट्रात सामुदायिक श्रवणाचा जो मोठा प्रयोग एकेकाळी झाला, त्याच्या वाटेतील एक जुनी अडचण या वस्तूने जवळजवळ निकालात काढली आहे, याची नोंद मात्र फारशी कोणी घेतलेली नाही.

१९५६ च्या पूर्वार्धात युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुणे केंद्रावरून, तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोतृमंडळे चालविली. पंधरा-वीस ग्रामस्थांनी आठवड्यातून दोनदा एकत्र बसावे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि शंका केंद्राला लिहून कळवाव्यात, अशी ती योजना होती. एकूण वीस कार्यक्रम झाले. त्यांचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेमार्फत पॉल न्यूराथ यांनी केले. श्रोतृमंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती भर किरकोळच होती, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्ञान यंत्रातून येत नाही, यंत्राभोवती जमलेल्या माणसांच्या बोलण्यातून ते रुजते, हा त्याचा अर्थ.

तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा त्या वेळी हैदराबाद राज्यात असल्याने या प्रयोगाबाहेर राहिला. तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला. पुढे १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली, पण कालांतराने ती ओसरली. याला अनेक कारणे होती. बंद पडलेला संच वेळेवर दुरुस्त न होणे आणि बॅटरीचा खर्च ही त्यांपैकी अगदी साधी, तरी निर्णायक कारणे होत.

आज हा खर्च किती उरला आहे? भर दुपारी स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॅट ऊर्जा पडते. शंभर चौरस सेंटिमीटरच्या पट्टीवर त्यातील दहा वॅट येतात आणि त्यांतून फार तर दोन वॅट वीज मिळते. दोन हजार मिलिअँपिअर-तासांची सामान्य लिथियम बॅटरी भरण्यास एवढ्या पट्टीला चार-पाच तासांचे चांगले ऊन पुरते. पट्टी याहून लहान असेल, तर तिच्यावर विसंबून राहता येत नाही, हेही ग्राहकाने ध्यानात घ्यावे. शिवाय पंचेचाळीस अंश सेल्सिअसच्या वर लिथियम बॅटरी भरू नये असा सर्वसाधारण दंडक आहे आणि धाराशिवच्या उन्हाळ्यात उन्हात ठेवलेली काळी पेटी ही मर्यादा सहज ओलांडते. काही शे वेळा भरल्यावर बॅटरीची शक्ती घटते. पेटी उघडता येत नसेल, तर संपूर्ण वस्तूच कचऱ्यात जाते. ऊन फुकट आहे, साठवण फुकट नाही. म्हणून पट्टी वेगळी ठेवता येणारा आणि बॅटरी बदलता येणारा संच थोडा महाग पडला, तरी अंती स्वस्तच ठरतो.

दुसरा एक खर्च मात्र घेणाऱ्याच्या हिशेबात येतच नाही. चावडीवरचा रेडिओ सर्वांचा होता. हा स्पीकर एकाचा असतो आणि त्याचा आवाज मात्र सर्वांना सोसावा लागतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. अभ्यासाला बसलेल्या मुलाची किंवा घरातील आजाऱ्याची शांतता ही कोणाच्याही मालकीची नसल्यामुळेच ती सर्वांत आधी खर्ची पडते.

मोबाइलवर सगळी माहिती मिळत असताना एकत्र ऐकायचे कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. न्यूराथ यांच्या निष्कर्षातच त्याचे उत्तर आहे. शिवाय घरातील मोबाइल बहुधा पुरुषाच्या खिशात असतो आणि शेतीतील निम्म्याहून अधिक कष्ट बाईच्या वाट्याला येतात. २०१८ मध्ये केंद्राने ज्या जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ ठरविले, त्यांत या जिल्ह्याचा समावेश आहे. सोयाबीन आणि तूर पावसावर अवलंबून आहेत. पेरणी कधी करावी, कीड कशी आवरावी, पीकविम्याची सूचना कोणत्या मुदतीत द्यावी, हे एकट्याने ऐकून विसरण्याचे विषय नव्हेत. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंडा भागाने पुराचा तडाखा सोसला. अशा वेळी वीज जाते, मोबाइलचे मनोरेही मुके होतात. उन्हावर भरलेला रेडिओ मात्र बोलत राहू शकतो. पण त्यासाठी स्पीकरमध्ये रेडिओची सोय हवी. निव्वळ मोबाइलचा आवाज वाढविणारी पेटी तेव्हा निरुपयोगी ठरते.

यासाठी मोठ्या योजनेची गरज नाही. महिला बचत गटांच्या बैठका गावोगाव ठरलेल्या वारी होतातच. ग्रामपंचायतीने अशा गटांना दुरुस्त होऊ शकणारा एकेक संच द्यावा. आकाशवाणीच्या धाराशिव केंद्राने त्या बैठकांच्या वेळा पाहून कार्यक्रम आखावेत आणि तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्राने शंकांना उत्तरे द्यावीत. १९५६ मध्ये प्रश्न टपालाने जात. आज ते त्याच संध्याकाळी पोहोचतील. सत्तर वर्षांपूर्वी माणसे जमत होती आणि संच बंद पडत होते. आता संच चालू आहेत. माणसांना त्यांच्याभोवती बसविण्याचे काम कोणताही कारखाना करून देणार नाही. ते ग्रामसभेलाच करावे लागेल.