विमान, घोणस आणि सरासरी भारतीय

विमानप्रवासाला निघताना हातावर दही घेणारी माणसं स्कूटर सुरू करताना देवाचं नावही घेत नाहीत. हेल्मेट असतं, पण कोपरात अडकवलेलं. पुढच्या चौकात मामा उभा असला तर डोक्यावर चढवायचं.

१२ जून २०२५ला अहमदाबादेत विमान कोसळून २६० माणसं गेली. ते दृश्य अजून कुणाच्या डोळ्यांपुढून हलत नाही. २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. रोजची चारशे साठच्या वर. त्यांतले पन्नास हजारांहून जास्त जण विनाहेल्मेट होते. हे मरण एकेकट्याचं, म्हणून आतल्या पानावर चार ओळींत उरकतं.

इथवर आलं की आकडेपंडित खूश होतात: लोकांना धोक्याचा हिशेबच कळत नाही म्हणे! मला शंका येते ती त्यांच्या सरासरीची. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं दगावली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. सरासरी भारतीयाला सत्तरीच्या आत सापामुळे मरण येण्याची शक्यता त्यांनी काढली २५०त एक. मी राहतो चौथ्या मजल्यावर. माझ्या वाट्याला त्यातलं जवळपास काहीच येत नाही. म्हणजे माझा वाटा दुसरंच कुणीतरी उचलतंय.

कोण, ते उसाच्या पट्ट्यात कुणालाही ठाऊक आहे. शेतीची वीज बरेचदा येते रात्री. मग बॅटरी घेऊन, पायात स्लिपर घालून मोटार चालू करायला जायचं, पाटाचं दार मोडायचं. बांधावर घोणस असते, मण्यारही रात्रीच फिरते. चावल्यावर मांत्रिकाकडे तास-दोन तास गेले, की लस देऊनही उशीर झालेला असतो. सर्वाधिक धोक्याच्या भागांत सत्तरीआधी सापामुळे मरण्याची हीच शक्यता शंभरात एकवर जाते.

जुन्नरकडचा शेतकरी बिबट्याची धास्ती बोलून दाखवतो, तेव्हा शहरातले शहाणे त्याला समजावतात की बाबा, बिबट्यापेक्षा साप जास्त माणसं मारतो. खरंय. पण त्याच्यासाठी दोघंही त्याच उसात, त्याच अंधारात असतात. त्याला या दोघांत निवड करायची नाहीये, रात्री शेतात जाणं टाळायचंय. दिवसा थ्री-फेज मिळाली तर दोन्ही धोके एकदम उतरतात. सौर कृषी वाहिनीच्या योजनेत दिवसाच्या विजेचंच आश्वासन आहे, आणि शेतकरी कितीतरी वर्षं तेच मागतोय.