लघवीची तक्रार एक, आजार तीन

नोव्हेंबर 1985 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउन शहरात एका कैद्याला तुरुंगातून रुग्णालयात हलवण्यात आलं आणि त्याच्यावर प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. कैद्याचं वय 67, नाव नेल्सन मंडेला. रुग्णालयात त्यांना भेटायला चक्क देशाचे न्यायमंत्री आले. बरे होऊन पोल्समूर तुरुंगात परतल्यावर मंडेलांना सहकाऱ्यांपासून वेगळं ठेवण्यात आलं आणि त्या एकांतातच सरकारशी बोलणी करायचा विचार त्यांनी पक्का केला. या ऑपरेशनची नोंद इतिहासाने घेतली ती त्यामुळे. त्याच ग्रंथीने पुन्हा डोकं वर काढलं ते 16 वर्षांनी. जुलै 2001 मध्ये, वयाच्या 83 व्या वर्षी, मंडेलांना प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचं निदान झालं. सात आठवडे किरणोपचार झाले. त्यानंतर ते 12 वर्षं जगले.

ज्या ग्रंथीचं एकदा ऑपरेशन झालं, तिला पुन्हा आजार कसा होतो? प्रोस्टेट मूत्राशयाच्या खाली असते आणि लघवीची नळी तिच्या मधून जाते. ऐन तारुण्यात तिचं वजन साधारण 20 ग्रॅम असतं. वय वाढतं तशी ती फुगते, पण फुगतो तो नळीलगतचा आतला भाग. कर्करोग बहुतेक वेळा सुरू होतो बाहेरच्या, गुदद्वाराकडच्या भागात. संत्र्याचा गर काढून घेतला तरी साल राहते, तसं वाढलेल्या प्रोस्टेटच्या नेहमीच्या ऑपरेशनमध्ये आतला अडथळा निघतो आणि बाहेरचा भाग जागेवर राहतो. त्या भागात पुढे कर्करोग होऊ शकतो. पण साधी वाढ म्हणजे कर्करोगाची पहिली पायरी, हा समज चुकीचा आहे. वाढीचं रूपांतर कर्करोगात होत नाही. मात्र दोन्ही आजार उतारवयातले, त्यामुळे ते एकाच माणसाला होताना वरचेवर दिसतात.

आपल्या घरांमध्ये या दुखण्याकडे पाहण्याच्या दोनच तऱ्हा आहेत. तक्रार सुरू झाली की ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून ती झटकली जाते. पुढे कधीतरी रक्ताच्या रिपोर्टमध्ये एखादा आकडा ठळक अक्षरांत छापून येतो, आणि तेच घर एका रात्रीत कर्करोगाच्या भीतीने गारठतं. या दोन टोकांच्या मध्ये जे समजून घ्यायला हवं, ते सांगायला कुणाला सवड नसते. पस्तिशीतली तक्रार, साठीतली तक्रार आणि पंच्याहत्तरीतली तक्रार वरून सारखीच दिसली, तरी तिन्हींच्या मागचा आजार बहुधा वेगळा असतो. आणि कधी दोन आजार एकत्रही असतात.

पस्तिशीपासून सुरुवात करू. पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत प्रोस्टेटचं सर्वाधिक आढळणारं दुखणं म्हणजे प्रोस्टेटायटिस, ग्रंथीचा दाह. लघवीला जळजळ, वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागी ठसठस, ओटीपोटात जडपणा, वीर्यपतनाच्या वेळी दुखणं. जळजळ आहे म्हटल्यावर घरचे म्हणतात उन्हाळी लागली असेल, धण्या-जिऱ्याचं पाणी पी. आठवडाभराने औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकची पट्टी येते. ती संपल्यावर दुसरी. पण महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या या दुखण्यात दहातल्या नऊ जणांच्या लघवीत जंतू सापडतच नाहीत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असणं, मज्जातंतू अतिसंवेदनशील होणं, मनावरचा ताण अशी अनेक कारणं त्यात गुंतलेली असतात, आणि अशा वेळी व्यायामोपचार व वेदनेवरचे उपचार जास्त उपयोगी पडतात. लघवीची तपासणी न करता अँटिबायोटिक घेत राहणं हे या वयातलं सर्वांत मोठं नुकसान आहे. याउलट, थंडी वाजून सणसणीत ताप आला, अंग मोडून निघालं आणि लघवी अडली, तर तो जंतूंमुळे झालेला तीव्र दाह असू शकतो. तिथे अँटिबायोटिकच लागतं, आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं.

चाळिशीनंतर आतला भाग हळूहळू वाढू लागतो. शवविच्छेदनांच्या अभ्यासांत पन्नाशीतल्या निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पुढच्या जवळपास नव्वद टक्के पुरुषांत ही वाढ आढळली आहे. म्हणजे जगलो-वाचलो तर ती बहुतेकांच्या वाट्याला येणारच. त्रास मात्र सगळ्यांना होत नाही, आणि ग्रंथीचा आकार व होणारा त्रास यांचं प्रमाण जुळतही नाही. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘प्रोस्टेट वाढलेली’ एवढं वाचून हादरणारे पुष्कळ असतात. पण ग्रंथी 60 ग्रॅमची असूनही एखादा पुरुष रात्रभर शांत झोपतो, आणि 30 ग्रॅमच्या ग्रंथीने दुसऱ्याची नळी पार आवळलेली असते. उपचार ठरतात ते त्रासावरून, लघवीनंतर मूत्राशयात किती लघवी शिल्लक राहते त्यावरून आणि मूत्रपिंडावर ताण आला आहे का यावरून.

हा त्रास इतका हळूहळू वाढतो की माणूस त्याला सरावतो. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, मध्येच तुटते. एसटीने लांबचा प्रवास असला की आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. लग्नकार्यात आधी शौचालय कुठे आहे ते पाहून मग खुर्ची निवडायची. असं वर्षानुवर्षं निभावून नेताना मूत्राशयाचा स्नायू जोर लावून लावून जाड होतो आणि शेवटी थकतो. मग एक दिवस लघवी पूर्ण तुंबते. सर्दीची साधी गोळी त्याला पुरेशी होते. नाक मोकळं करणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या अनेक औषधांनी मूत्राशयाचं तोंड आवळतं किंवा त्याचा स्नायू ढिला पडतो. ही औषधं दुकानात चिठ्ठीशिवाय सहज मिळतात आणि साठीच्या गिऱ्हाइकाला ‘लघवीचा त्रास आहे का?’ असं विचारणारा दुकानदार विरळाच. हा एक प्रश्न विचारला गेला, तर मध्यरात्री नळी टाकून घेण्यासाठी धावाधाव करावी लागणारी कित्येक कुटुंबं त्यातून वाचतील.

रात्री चार वेळा उठावं लागतं म्हणजे प्रोस्टेटच, असं मात्र धरून चालू नये. साखर वाढली की लघवी वाढते, आणि महाराष्ट्रात साठीच्या आसपास मधुमेह किती घरांत आहे हे वेगळं सांगायला नको. हृदय कमकुवत असेल तर दिवसभर पायांत साचलेलं पाणी आडवं झाल्यावर मूत्रपिंडाकडे येतं. रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी कुणी रात्री घेत असतं. कुणी घोरतं, झोपेत श्वास अडतो, आणि त्यामुळेही रात्री लघवी जास्त तयार होते. अशा माणसाला प्रोस्टेटची गोळी देऊन फरक पडला नाही, तर दोष गोळीचा नसतो.

आता कर्करोग. तो सुरुवातीला बाहेरच्या भागात असतो, त्यामुळे नळीवर दाब येत नाही आणि बहुधा काही जाणवतच नाही. ऑलिंपिकमध्ये सहा सुवर्णपदकं जिंकणारे ब्रिटिश सायकलपटू ख्रिस हॉय यांचा खांदा दुखत होता. तपासणीत खांद्यात गाठ दिसली आणि तिचं मूळ प्रोस्टेटमध्ये निघालं. 2024 मध्ये त्यांनी आपला आजार बरा होण्यापलीकडे गेल्याचं जाहीर केलं, तेव्हा ते 48 वर्षांचे होते. त्यांच्या वडिलांना आणि आजोबांनाही हाच कर्करोग झाला होता. वडील किंवा भाऊ यांपैकी कुणाला प्रोस्टेटचा कर्करोग झाला असेल तर आपला धोका साधारण दुप्पट होतो. घराण्यात स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग असेल तर तोही डॉक्टरांना सांगायला हवा, कारण बीआरसीए-2 या जनुकातला बिघाड दोन्हीकडे नेतो. म्हाताऱ्या माणसाची कंबर सतत, रात्रीही दुखत राहिली तर प्रत्येक वेळी मणक्याची झीज म्हणून ती सोडून देऊ नये, कारण हॉय यांच्या खांद्यासारखंच त्या दुखण्याचं मूळही प्रोस्टेटमध्ये असू शकतं.

या तिन्ही आजारांची सरमिसळ सर्वांत जास्त होते ती पीएसए या रक्तचाचणीत. हे प्रथिन प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात, मग त्या निरोगी असोत वा रोगट. दाह झाला की आकडा वाढतो, ग्रंथी वाढली की वाढतो, कर्करोग झाला की वाढतो. लघवी तुंबली, नळी टाकली, आदल्या दिवशी वीर्यपतन झालं, तरीही वाढतो. चार ते दहाच्या दरम्यान आकडा असलेल्या चारांपैकी साधारण एकाच्याच बायॉप्सीत कर्करोग निघतो. उलट बाजूची गोष्ट जास्त घातक आहे. ग्रंथी आकसवण्यासाठी दिली जाणारी फिनास्टेराइडची गोळी काही महिन्यांत पीएसए निम्म्यावर आणते. ही गोळी घेणाऱ्याचा आकडा तीन आला तर तो सहा समजून वाचायचा असतो. गोळी चालू आहे हे रक्त तपासणाऱ्याला ठाऊक नसेल, तर रिपोर्टवर ‘सामान्य’ छापून येतं आणि माणूस निर्धास्त होतो.

म्हणूनच सध्या जागोजागी विकल्या जाणाऱ्या ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या पॅकेजमध्ये पीएसए घालण्याला आक्षेप घ्यायला हवा. चाचणी वाईट आहे म्हणून हा आक्षेप नाही. युरोपात सुमारे 1 लाख 62 हजार पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे 23 वर्षांनंतरचे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले: नियमित पीएसए तपासणीने प्रोस्टेटच्या कर्करोगाने होणारे मृत्यू 13 टक्क्यांनी घटले. हा फायदा खरा आहे. पण एक मृत्यू टाळण्यासाठी 456 जणांना तपासणीला बोलवावं लागलं आणि 12 जादा निदानं झाली. यातल्या अनेकांचा कर्करोग इतका संथ असतो की तो आयुष्यभर त्रास देत नाही. उपचाराने मात्र लघवीवरचा ताबा किंवा लैंगिक क्षमता जाऊ शकते. ब्रिटनमधल्या दुसऱ्या एका अभ्यासात, कर्करोग ग्रंथीपुरता मर्यादित असलेल्या 1,643 पुरुषांपैकी काहींचं ऑपरेशन झालं, काहींना किरणोपचार मिळाले, तर काहींवर फक्त लक्ष ठेवण्यात आलं. 15 वर्षांनी तिन्ही गटांत मिळून या कर्करोगाने गेलेले पुरुष तीन टक्क्यांहून कमी होते आणि गटागटांत म्हणावा असा फरक नव्हता. अमेरिकेतल्या तज्ज्ञगटाने 2018 मध्ये 55 ते 69 वयाच्या पुरुषांसाठी निर्णय डॉक्टरांशी बोलून ज्याचा त्याने घ्यावा असं म्हटलं आणि सत्तरीनंतर सरसकट तपासणी नको असा सल्ला दिला. जी चाचणी बोलून ठरवायची, ती रक्तातल्या साखरेबरोबर मोफत म्हणून गळ्यात मारणं गैर आहे. ईमेलने येणारा रिपोर्ट त्या माणसाशी बोलू शकत नाही.

आणि बोलणं हीच इथली खरी अडचण आहे. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांचं प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ऑपरेशन झालं. जंतुसंसर्ग होऊन नववर्षदिनी त्यांना पुन्हा दाखल करावं लागलं, तरी हे त्यांनी खुद्द राष्ट्राध्यक्षांनाही कळवलं नव्हतं. पुढे त्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्याच जानेवारीत ब्रिटनचे राजे चार्ल्स यांनी वाढलेल्या प्रोस्टेटवर उपचार घेत असल्याचं स्वतःहून जाहीर केलं आणि तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर या विषयाचं पान उघडणारे लोक एका दिवसात दहापटीहून वाढले. त्या उपचारादरम्यानच चार्ल्स यांना कर्करोग असल्याचंही आढळलं, आणि तो प्रोस्टेटचा नव्हता.

आपल्याकडे नवरा रात्री कितीदा उठतो हे आधी बायकोला कळतं. बरेचदा डॉक्टरांपुढे ती तक्रार तीच मांडते, आणि तो नजर चुकवून बसलेला असतो. दाह असो, वाढ असो की कर्करोग, या संकोचाने तिन्हींत उशीर होतो.

यावर फार खर्चिक उपाय लागत नाही. 1992 पासून जगभर वापरली जाणारी सात प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. लघवी झाल्यावर पूर्ण मोकळं वाटतं का, दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागतं का, धार तुटते का, रोखून धरणं अवघड जातं का, धार बारीक झाली आहे का, जोर लावावा लागतो का, रात्री कितीदा उठावं लागतं. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. बेरीज सातपर्यंत असेल तर त्रास सौम्य, 20 किंवा त्याहून जास्त झाली तर तीव्र. आठवा प्रश्न वेगळा आहे: उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर कसं वाटेल? औषध द्यायचं, ऑपरेशन करायचं की नुसतं थांबायचं, हे ठरवताना या आठव्या उत्तराला मोठं वजन असतं.

गावोगावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत तिशीपुढच्या लोकांचा रक्तदाब आणि साखर तपासतात. तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही तपासणी होते. पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी त्याच कागदावर हे आठ प्रश्न सोप्या मराठीत छापावेत. ज्याला विचारायचा संकोच वाटतो त्याने खुणा करून द्याव्यात. खाली तीन रकाने असावेत: चालू असलेली सगळी औषधं, मधुमेह आहे का, आणि वडील-भावांपैकी कुणाला प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता का. औषधांच्या रकान्याचा उपयोग डोळ्यांच्या डॉक्टरांनाही होईल, कारण लघवीची धार सुटी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या टॅम्सुलोसिनने डोळ्यातला बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडतो आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये गुंतागुंत होऊ शकते. लघवीतून रक्त, ताप, पूर्ण तुंबलेली लघवी किंवा न थांबणारं हाडांचं दुखणं यांतलं काहीही असेल, तर कागद बाजूला ठेवून त्या माणसाला त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पाठवावं.