सांगाड्याला कटर लावू नका!
सुरतेतल्या गॅरेजवाल्यांना आणि गाडीमालकांना कळकळीचे आवाहन



उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत वेल्डिंगची, लेथची, डेंटिंग-पेंटिंगची जी दुकाने आहेत, त्यांतली कितीतरी आपल्या खानदेशातून आलेल्या माणसांची आहेत. म्हणून हे आवाहन गाडीच्या मालकांआधी त्या कारागिरांना आहे. दिवाळी तोंडावर आली आहे. एखादा तरुण सेकंड-हँड स्पोर्ट्स कार घेऊन तुमच्या दारात उभा राहील आणि म्हणेल, "दादा, गाडी जरा खाली बसवा, स्प्रिंगचा दीड वेढा कापून टाका." किंवा म्हणेल, "छत कापून ओपन करायची आहे." किंवा, "आर्म वाकलाय, नवा परवडत नाही, तापवून सरळ करा आणि वेल्डिंग मारा." तो पैसे रोख देईल, वर चहाही पाजेल. हात जोडून सांगतो, त्याला नाही म्हणा.

स्प्रिंगचेच बघा. ती साधी सळई नसते. विशिष्ट पोलाद तापवून, थंड करून, पुन्हा ठरावीक आच देऊन तिच्यात तो लवचीकपणा आणलेला असतो. गॅस कटरची ज्योत लागली की त्या जागेचे पाणी उतरते. वरून काळा रंग मारला की काही दिसत नाही. पण कापलेले टोक आता आपल्या वाटीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात गेले किंवा पुलाच्या सांध्यावरून उडाले की स्प्रिंग क्षणभर सैल होते आणि जागेवरून सरकते. सुरत हे पुलांचे शहर. इथे दर थोड्या अंतरावर उड्डाणपूल आणि दर पुलावर सांधे. ताशी शंभरच्या वेगात एका चाकाची स्प्रिंग सरकली तर स्टिअरिंग कितीही घट्ट धरा, गाडी हातात राहत नाही.

स्पेसरचेही तसेच. चाक बाहेर काढून गाडी रुंद दिसावी म्हणून लेथवर ॲल्युमिनियमची चकती फिरवून घेतात. चाक जितके बाहेर जाते, तितका हबच्या बेअरिंगवर पडणारा जोर वाढतो. मूळ स्टड तेवढ्याच लांबीचे असल्यामुळे नटाला पकडायला आटे कमी उरतात. तडकलेल्या अलॉय चाकाला वेल्डिंग मारणे तर आणखी धोक्याचे. त्या मिश्रधातूची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते आणि वेल्डिंगच्या आचेत सांध्याच्या आजूबाजूला तीच जाते.

तुम्ही लूमचे ब्रॅकेट जोडता, ते तुटले तर माग थांबतो आणि मालक दोन शब्द बोलतो. गाडीचा लोअर आर्म तुटला तर समोरून येणारे कुटुंब जाते. तुमच्यातले जे हजिऱ्याच्या कारखान्यांत काम करून आले आहेत, त्यांना हे मी काय सांगणार? तिथे वेल्डरची परीक्षा झाल्याशिवाय त्याला प्रेशर व्हेसलला हात लावू देत नाहीत. सांध्यावर लाल रंग, मग पांढरी पावडर मारून केसाएवढी चीरसुद्धा शोधतात, एक्स-रे काढतात. तीच शिस्त अंगात असलेला माणूस गल्लीत येऊन डोळ्यांच्या अंदाजाने गाडीच्या चेसीला टाका मारतो, याचे मला फार वाईट वाटते. गिऱ्हाईक म्हणेल, "माझ्या जबाबदारीवर करा, लिहून देतो." समोरच्या दुचाकीवाल्याने मात्र असे काही लिहून दिलेले नसते.

आता मालकांसाठी. गाडीचे पुढचे टोक चुरगळावे आणि माणसे बसतात तो पिंजरा शाबूत राहावा, ही कल्पना मर्सिडीजच्या बेला बारेनी या अभियंत्याची. तिचे पेटंट 1952 सालचे आणि तशी पहिली गाडी 1959 मध्ये बाजारात आली. आज त्या पिंजऱ्याचे खांब बहुधा बोरॉनयुक्त पोलादाचे असतात. ते तापवून साच्यात दाबतात आणि तिथेच झटक्यात थंड करतात. त्याची ताकद साध्या मऊ पत्र्याच्या चौपटीहून अधिक असते. गल्लीत त्याला वेल्डिंग मारले की सांध्याशेजारची पट्टी मऊ पडते. वरून गाडी चकाचक दिसते, पण धडकेत नेमकी तिथेच दुमडते. आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि लिंबायतसारख्या भागात पावसाळ्यात साचणारे पाणी असल्यामुळे बंद पोकळीतला असा सांधा आतून गंजतो आणि वर्षभर कुणाला पत्ता लागत नाही.

कंपनीची ओपन गाडी म्हणजे छत कापलेली गाडी नव्हे. तिच्या दाराखालचे पाट जाड केलेले असतात, काचेच्या चौकटीत जादा पोलाद असते, गाडी उलटली तर डोके वाचावे म्हणून सीटमागे आधार असतो. साध्या गाडीचे छत हाच तिच्या ताकदीचा मोठा भाग. ते कापले की गाडी पिळवटते, दारे नीट लागत नाहीत आणि उलटली तर आतल्या माणसांच्या डोक्यावर काहीच उरत नाही.

गाडीच्या आत बसवलेल्या लोखंडी पाइपच्या सांगाड्याची, म्हणजे रोल केजचीही गोष्ट वेगळी नाही. कोइम्बतूरच्या किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर ड्रायव्हर हेल्मेट घालतो, पाच-सहा पट्ट्यांनी सीटला बांधलेला असतो. डुमस रोडवर उघड्या डोक्याने फिरणाऱ्याच्या कानाशेजारी लोखंडी पाइप असेल, तर साध्या धडकेतही तोच डोक्यात बसतो. बकेट सीटसाठी मूळ सीट काढली की तिच्यातली साइड एअरबॅग जाते. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा पेटू नये म्हणून तिथे रेझिस्टर जोडून देणारेही आहेत. हे काम कुणीही करू नये.

कारखान्यातल्या अभियंत्यांचाही हिशेब चुकतो, हे बीएमडब्ल्यूच्या ई-46 मालिकेने दाखवले. 1998 पासून आलेल्या त्या गाड्यांत मागची सबफ्रेम जिथे बसते तिथल्या पत्र्याला तडे जाऊ लागले. संगणक आणि चाचण्यांची सोय असलेल्यांचे असे होते, मग टर्बो वाढवून, सबफ्रेमला भोके पाडून वजन कमी करणाऱ्याने कशाच्या भरवशावर निर्धास्त राहावे?

कायदाही सैल नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहेच. त्याचाच अर्थ लावताना 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येणार नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर निघाला, तर दावा अडकू शकतो.

आई-वडिलांनो, फेब्रुवारी 2025 मध्ये याच शहरात बारावीच्या निरोपसमारंभाला मुले महागड्या गाड्यांचा ताफा घेऊन निघाली, खिडक्यांतून बाहेर लोंबकळली, आणि पोलिसांना गाड्या जप्त कराव्या लागल्या. त्या गाड्यांत बदल केले होते, असे मी म्हणत नाही. पण अशाच हातांत कापलेल्या स्प्रिंगची गाडी गेली तर काय होईल, याचा विचार आज करा. मुलाला वेगाची आवड असेल तर त्याला चांगले टायर, चांगले ब्रेक पॅड घेऊन द्या, ट्रॅकवर शिकायला पाठवा. आवडीशी माझे भांडण नाही. जर्मनीत लोक गाड्या हौसेने बदलतात, पण असा बदल तपासून घेऊन गाडीच्या कागदांवर नोंदवावा लागतो.

ज्यांच्या गाडीत असे काम आधीच झाले आहे, त्यांनी दिवाळीला सापुताऱ्याच्या घाटात किंवा सोनगड-नवापूरमार्गे गावाकडे निघण्याआधी गाडी रॅम्पवर चढवावी. चारही स्प्रिंगांची टोके, आर्मचे सांधे, सबफ्रेमच्या बोल्टांभोवतीचा पत्रा प्रखर उजेडात बघून घ्यावा. कापलेले, वेल्डिंग केलेले, स्पेसर लावलेले काहीही दिसले तर मूळ भाग बसेपर्यंत गाडी हलवू नये, एसटीने जावे. सेकंड-हँड गाडी घेणाऱ्यांनी बयाणा देण्याआधीच ती रॅम्पवर बघावी आणि आरसी बुकाशी ताडावी. आणि कारागीर भावांनो, काढलेला खराब आर्म किंवा कापलेली स्प्रिंग भंगारात देताना कटरने तिचे दोन तुकडे करूनच द्या. नाहीतर रंग मारून ती पुन्हा दुसऱ्या कुणाच्या गाडीला बसेल.