३८६ची निवृत्ती

१९९१च्या सुरुवातीला हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सने इंटेलच्या ३८६ प्रोसेसरचा पीसी घेतला आणि त्याच वर्षी त्यावर लिनक्स उभं केलं. डिसेंबर २०१२मध्ये लिनक्सच्या कर्नलमधून ३८६चा सपोर्ट काढला गेला. ज्या घरात जन्म, तिथलंच बिऱ्हाड हलवलं. तरी मला हा निर्णय रास्त वाटतो, कारण त्याचं कारण उघड होतं. मेमरीतली किंमत तपासून ती त्याच दमात बदलणारी सूचना इंटेलने ४८६मध्ये आणली; ३८६ला ती ठाऊकच नाही. शिवाय लिहायला मज्जाव असलेल्या मेमरीवर कर्नलने लिहिलं, तर ३८६ अडवत नाही. या उणिवांपायी वेगळा कोड सांभाळत राहावं लागे.

जुन्या यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टीम चढवताना गाडी अडते ती बहुधा कुणीतरी धरलेल्या गृहीतकापाशी. गंमत म्हणजे यंत्र फार नवं असलं तरी अडतेच! विंडोज ९५मध्ये वेळ मोजणारं एक लूप होतं. एएमडीचा के६-२ प्रोसेसर ३५० मेगाहर्ट्झला पोचला, लूप अपेक्षेआधीच संपू लागलं, भागाकारात शून्य आलं आणि विंडोज सुरूच होईना. इतका वेगवान प्रोसेसर येईल, हे लिहिणाऱ्याच्या हिशेबातच नव्हतं.

हार्ड डिस्कचं त्याहून मासलेवाईक. बायोसला १०२४ सिलिंडर आणि ६३ सेक्टरच मोजता येत. आयडीई डिस्कला १६ हेडच चालत. आपापल्या जागी दोघांच्या मर्यादा ऐसपैस होत्या. एकत्र आल्यावर प्रत्येक बाबतीत लहान आकडा धरावा लागला आणि सगळं ५०४ मेगाबाइटवर अडकलं. जुन्या ४८६वर मोठी डिस्क लावणारे आजही इथेच ठेचकाळतात.

२०२१च्या विंडोज ११ने मात्र अटच घातली: सुरक्षेसाठीचं टीपीएम २.० मॉड्यूल हवं, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा हवा. सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही. पण तपासणी चुकवून कितीतरी जुन्या यंत्रांवर ती चालते. म्हणजे नकार यंत्राचा नाही, कंपनीचा आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि धडधाकट संगणक भंगाराच्या वाटेला लागले. उलट १९७७च्या व्हॅक्स घराण्यातल्या यंत्रांवर नेटबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम आजही चढते, कारण त्यांची माहिती उपलब्ध आहे आणि कोड सांभाळणारी माणसं आहेत. सपोर्ट थांबवणाऱ्या कंपन्यांनी निदान हार्डवेअरची कागदपत्रं तरी खुली करावीत; सरकारी खरेदीच्या करारात ही अट आताच घालता येईल.