मनगटावरील साक्षीदार

पहांटे साडेपांचच्या सुमारास पुण्यांतील एखाद्या टेकडीच्या पायथ्याशीं उभें राहिल्यास एक नवा विधि पाहावयास मिळतो. धांवावयास आलेली मंडळी बुटांच्या नाड्या आवळून, अंग मोकळें करून सज्ज होते. परंतु निघत नाहीं. डावा हात किंचित् वर करून, मान खालीं घालून, ती मनगटाकडे पाहात उभी राहते. पूर्वीं सूर्यनमस्कार घालणारे सूर्याची वाट पाहात. आजचे धांवणारे उपग्रहांची वाट पाहातात. जीपीएस घड्याळानें बारीकसा थरकांप देऊन ‘सज्ज’ असें कळविलें म्हणजे मगच पाय उचलतात. गेलीं सहा वर्षें मीही या विधींत भक्तिभावानें सामील होत आलों आहें, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. कारण पुढील टीका परक्याची नसून घरच्याची आहे.

ही टीका लिहावीशी वाटली ती एका प्रश्नामुळें. आमच्या महाविद्यालयांतील एक विद्यार्थिनी पहांटे घरोघर वर्तमानपत्रें टाकते आणि तें काम आटोपल्यावर धांवते. अर्धमॅरेथॉनची तयारी करावी म्हणून ती धांवणाऱ्यांच्या एका मंडळाकडे गेली, तेव्हां तेथें तिला प्रथम विचारण्यांत आलें तें हें, कीं गेल्या महिन्याची नोंद कोठें आहे? तिच्यापाशीं घड्याळ नव्हतें; सबब नोंद नव्हती; आणि सबब, त्या मंडळींच्या लेखीं, धांवणेंही नव्हतें. “सर, घड्याळाशिवाय तयारी करतां येत नाहीं का?” असें तिनें मला विचारलें. माझ्या मनगटावर त्या वेळीं तिच्या जवळजवळ वर्षभराच्या मिळकतीइतक्या किंमतीचें यंत्र होतें. “येते कीं!” असें मीं उत्तर दिलें खरें, पण तें देतांना माझा आवाज मलाच पोकळ वाटला.

प्रथम यंत्रास न्याय देऊं. अमेरिकेनें या योजनेंतील पहिला उपग्रह १९७८ मध्यें सोडला. १९९५ मध्यें योजना पूर्णत्वास पोंचली. मे २००० मध्यें सामान्य माणसास मिळणाऱ्या संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेली अशुद्धता काढून टाकण्यांत आली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत धांवणाऱ्यांच्या मनगटावर हीं घड्याळें दिसूं लागलीं. सुमारें वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपापली जागा व वेळ अखंड सांगत असतात. निदान चार उपग्रहांचे संकेत पोंचावयास किती अवधि लागला यावरून घड्याळ स्वतःची जागा काढतें. मानवी बुद्धीची ही कामगिरी अद्भुतच आहे. नवशिक्याच्या उतावळेपणास आवर घालण्यास व त्यानें एकदम किती अंतर वाढविलें हें दाखविण्यास तिचा उपयोगही होतो. याविषयीं माझें भांडण नाहीं. माझें भांडण आहे तें साक्षीदारास न्यायासनावर बसविण्याशीं.

आणि साक्षीदार म्हणून तरी याची योग्यता किती? घड्याळाला आपली धांव दिसत नाहीं. त्याला दिसतात क्षणाक्षणाला टिपलेले सुटे बिंदु, आणि त्यांतील प्रत्येक बिंदु कांहीं मीटर इकडे-तिकडे पडूं शकतो. उंच इमारतींवर आपटून येणारा संकेत लांबच्या वाटेनें येतो. त्यामुळें आपण रस्त्यानें धांवत असतों आणि घड्याळ आपणांस शेजारच्या गच्चीवरून धांवविते. दाट झाडी, घाटांतील उभा कडा, बोगदा यांचीही तीच कथा. उलटपक्षीं, शर्यतीचा प्रमाणित मार्ग मोजतात तो साध्या सायकलनें. पोलादी फितीनें आंखलेल्या अंतरावर चाकाचे फेरे आधीं पडताळून घेतात, मग प्रत्येक वळणावर शक्य तितक्या जवळच्या रेषेनें सायकल नेतात, आणि मार्ग आंखूड भरूं नये म्हणून दर किलोमीटरमागें एक मीटर जादा धरतात. ४२.१९५ किलोमीटरांच्या मॅरेथॉनमध्यें अशी सुमारें ४२ मीटरांची भर पडते. धांवणारा मात्र वळणें रुंद घेतो, पाण्यासाठीं रस्त्याच्या या कडेहून त्या कडेला जातो. आणि त्यांत घड्याळाची चूक मिसळते. शर्यत संपतांच तो मनगट पुढें करून संयोजकांस दरडावतो, “तुमचा मार्ग चारशें मीटर लांब आहे!” पोलादी फीत खोटी आणि आकाशांतून आलेली अटकळ खरी! हा न्याय मीं स्वतः उभ्या आयुष्यांत दोनदां सुनावला आहे, हेंही येथें नोंदवून ठेवतों.

परंतु अंतराची चूक क्षम्य मानूं. खरा अनर्थ पुढें आहे. घड्याळाखालचा हिरवा प्रकाश कातडीखालील रक्ताच्या भरती-ओहोटीवरून नाडी ओळखतो. पट्टा सैल असला कीं कधीं कधीं तो पावलांच्या ठेक्यालाच नाडी समजून बसतो. नाडीची कमाल मर्यादा २२० मधून वय वजा करून धरली, तर ती केवळ सरासरी झाली. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहावीस ठोक्यांचा फरक सहज असतो. अशा अटकळींवर दुसऱ्या अटकळी रचून घड्याळ निकाल देतें: आपली प्राणवायु घेण्याची शक्ति इतकी, विश्रांति अजून इतके तास हवी, आजची मेहनत ‘फलदायी’. आम्हां सुशिक्षितांची एक खोड अशी, कीं माणसानें सांगितलेल्या गोष्टीस आम्ही पुरावा मागतों, पण आंकड्यापुढें निमूटपणें मान तुकवितों.

दोन वर्षांपूर्वीं साताऱ्याकडील घाटांतल्या शर्यतीची तयारी करीत असतां माझ्या डाव्या टांचेमागची शीर सकाळीं उठतांच कुरकुर करूं लागली. घड्याळ मात्र रोज सांगे कीं शरीर सज्ज आहे. टांच माझी, पन्नास वर्षांची सोबतीण. तें घड्याळ तीन महिन्यांचें. मीं घड्याळाचें ऐकलें. चवथ्या दिवशीं उतारावर ती शीर अशी दुखावली, कीं अडीच महिने मला वर्गांतही खुर्चीवर बसून शिकवावें लागलें. घड्याळ खोटें बोललें असें मी म्हणत नाहीं. त्याला टांचेचें दुखणें ठाऊकच नव्हतें. जिला तें ठाऊक होतें तिची साक्ष मीं फेटाळली, हा अपराध माझा.

येथें आमचे विज्ञानशाखेंतील एक तरुण सहकारी हटकून म्हणतात, “सर, जें मोजतां येत नाहीं तें सुधारतां येत नाहीं. जाणीव ही अशास्त्रीय गोष्ट आहे.” या दोन्ही विधानांस उत्तर देणें अवश्य आहे.

दुसरें विधान आधीं घेऊं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनीं श्रमाची जाणीव सांगण्यासाठीं ६ पासून २० पर्यंत आंकड्यांची एक श्रेणी तयार केली. माणसाला इतकेंच विचारावयाचें, कीं हें तुला किती जड जात आहे? निरोगी तरुणानें दिलेल्या उत्तरास दहानें गुणलें असतां येणारी संख्या त्याच्या नाडीच्या ठोक्यांच्या जवळपास जाते. ही श्रेणी आजही डॉक्टर व क्रीडाशिक्षक वापरतात. म्हणजे जाणिवेस अशास्त्रीय म्हणणें हेंच अशास्त्रीय आहे. मात्र ही जाणीव तालमीनें तयार व्हावी लागते. लय अंगांत मुरण्यापूर्वींच जो शिष्य यंत्राच्या ठोक्यांवर विसंबला, त्याला यंत्र बंद पडतांच समेवर येतां येत नाहीं. आमचे एक स्नेही चवथ्या किलोमीटरला घड्याळाची बॅटरी संपली म्हणून घरीं परतले. “आज धांवून काय उपयोग?” असें ते म्हणाले, आणि तें विनोदानें नव्हे!

आतां पहिलें विधान. मापच एकदां ध्येय झालें म्हणजे तें माप म्हणून निकामी होतें, या अर्थाचा एक नियम ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याचा पडताळा पाहावयास अर्थशास्त्राचे ग्रंथ चाळावयास नकोत. एके सकाळीं मी घराशीं पोंचलों तेव्हां घड्याळांत ९.८२ किलोमीटर झाले होते. मी दारावरून पुढें गेलों आणि इमारतीभोंवतीं फेऱ्या घालूं लागलों. गॅलरींत उभ्या असलेल्या सौभाग्यवतींनीं विचारलें, “अहो, किल्ली विसरलांत का?” या प्रश्नाला मला शोभेसें उत्तर नव्हतें. त्या १८० मीटरांनीं माझें शरीर सुधारलें नाहीं. सुधारली ती फक्त नोंद, आणि तीही दुसऱ्यांस दिसावी म्हणून.

ही नोंद तरी आपली राहते का? २०१७ च्या अखेरीस स्ट्राव्हा या कंपनीनें जगभरच्या धांवणाऱ्यांचे मार्ग एका नकाशावर एकत्र प्रसिद्ध केले, आणि २०१८ च्या जानेवारींत असें उघडकीस आलें, कीं ओसाड प्रदेशांतील लष्करी तळांच्या वाटा त्यांत लखलखत आहेत. जेथें सैनिकांस भान राहिलें नाहीं, तेथें रोज एकाच वेळीं एकाच गल्लींतून धांवणाऱ्या मुलीनें किती सावध असावें, हें वाचकांनींच ठरवावें.

आतां त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळूं. १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्यें बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धांवले. तो मार्ग आजच्याहून लांब, ४२.७५ किलोमीटरांचा होता. चौगुल्यांनीं तो २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पुरा करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. वेळ त्या दिवशींही मोजली गेली. पण ती शर्यतीची. आपणांस किती जड जात आहे, हें त्यांस कोणत्याही मनगटानें सांगितलें नव्हतें. तें त्यांचें त्यांनाच ओळखावें लागलें.

म्हणून मीं तिला दुसऱ्यांदां, आणि या वेळीं विचार करून, उत्तर दिलें. आपल्या मैदानाचा फेरा चारशें मीटरांचा आहे. व्यायामशाळेच्या भिंतीवर घड्याळ आहे. बहुतेक दिवस सोबत्याशीं बोलतां येईल इतक्याच वेगानें धांवावें, आठवड्यांतून एकदां दम लागेल असें धांवावें, आणि घरीं गेल्यावर वहींत लिहावें. मी स्वतःही आतां एक नियम पाळतों. घड्याळाचा पडदा चिकटपट्टीनें झांकून धांवतों, परत आल्यावर किती अंतर गेलों व किती जड गेलें हें आधीं कागदावर लिहितों, आणि मग पट्टी काढतों. पहिल्या महिन्यांत माझे अंदाज लाजिरवाणे होते. आतां ते घड्याळाच्या बरेच जवळ येतात. आणि न आले तर चूक कोणाची, हा प्रश्न निदान मोकळा राहतो.

परवां तिनें आपली वही मला दाखविली. एका पानावर लिहिलें होतें: ‘फेरे २२. शेवटचे तीन जड. काल पेपर उशिरा आले, झोप कमी. उजवा गुडघा ठीक.’ या चार वाक्यांतील पहिलें कोणतेंही घड्याळ सांगूं शकेल. उरलेल्या तिहींतील झोपेचा कांहीं अंदाज तें बांधील. पण पेपर उशिरा आल्याचें व गुडघा ठीक असल्याचें त्याला कधींच कळणार नाहीं, आणि शिकविणाऱ्यास नेमकें तेंच कळावयास हवें. ही वही नोंद म्हणून मान्य करून त्या मंडळानें तिला सन्मानानें आपल्यांत घ्यावें, अशी माझी या मासिकाच्या द्वारें जाहीर विनंती आहे. मंडळास ती मान्य नसल्यास त्यानें निदान आपलें नांव बदलावें. कारण मग तें धांवणाऱ्यांचें मंडळ राहात नाहीं, घड्याळवाल्यांचें होतें.