नाईलच्या आधी इनामगाव

पाणी अडविले म्हणून गाव उभे राहिले, हे राळेगणसिद्धीच्या मुलांना निराळे शिकवावे लागत नाही. सहावी-सातवीला जगातील आद्य संस्कृतींचा पाठ आखताना मात्र त्यांना थेट नाईलकाठी नेऊन सोडले जाते. शेजारच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठच्या इनामगावी डेक्कन कॉलेजच्या उत्खननात (१९६८-८३) सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे बांध आणि पाट उजेडात आले. अहिल्यानगर जिल्ह्यातीलच दायमाबादला १९७४ साली कांस्यरथ मिळाला. कालक्रमाने इजिप्त, सुमेर जुने, हे मान्य. पण मूल शिकते ते जवळून दूर जात. घरचा पाट न पाहिलेल्या मुलाकडून पिरॅमिडची उंची घोकून घेणे, ही मेकॉलेच्या मानसपुत्रांची विद्वत्ता! अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी पहिली सहल इनामगावलाच काढावी; नाईल, युफ्रेटिस त्यानंतर.